टुनटुन मौसीचा लाडू

ढोलकपूरच्या बाजारात टुनटुन मौसीच्या दुकानात जे लाडू रचून ठेवलेले दिसतात, त्यांतला एक आपण आधी नीट न्याहाळू या. पिवळाधमक गोल, आणि फार तर लाडूपणाची खूण म्हणून दिलेली थोडीशी गडद छटा. चित्रकाराने एवढेच दिले आहे. तो बुंदीचा आहे की बेसनाचा, त्याला वेलदोड्याचा वास आहे की जायफळाचा, हातात घेतला तर तो भुरभुरेल की तुपाने बोटांना चिकटेल, यांतले काहीच पडद्यावर नाही. आणि तरी, २००८ साली ‘पोगो’ वाहिनीवर ‘छोटा भीम’ सुरू झाला तेव्हा जी मुले शाळेतून येऊन दप्तर कोपऱ्यात टाकून टीव्हीसमोर बसत होती आणि आज नोकरीधंद्याला लागली आहेत, त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, तो लाडू चवीला कसा होता? प्रत्येक जण सांगेल, आणि ठामपणे सांगेल. कुणी म्हणेल बेसनाचा, खमंग भाजलेला, टाळूला चिकटणारा. कुणी म्हणेल छे, मोतीचुराचाच, दाताखाली एकेक दाणा फुटत जाणारा. जो लाडू कुणीच कधी खाल्ला नाही, त्याची चव एका अख्ख्या पिढीच्या जिभेवर आहे. लहानपणीच्या कार्टूनांबद्दल, न्याहारीच्या वाटीबद्दल, टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमबद्दल जी हुरहुर या पिढीच्या आणि तिच्या थोडे आधीच्या माणसांच्या बोलण्यात सारखी डोकावते, तिचे मर्म मला या लाडवात सापडते.

हा लाडू हैदराबादचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ढोलकपूर नकाशावर नाही. पण ते जिथे रेखाटले गेले, रंगवले गेले, हलते-बोलते केले गेले, ते शहर नकाशावर ठळक आहे. अमेरिकेत संगणकाचे शिक्षण आणि नोकरी करून, मग सॅन फ्रान्सिस्कोला अ‍ॅनिमेशन शिकून परतलेल्या राजीव चिलका यांनी २००१ साली इथे ‘ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशन’ ही संस्था सुरू केली. विक्रम-वेताळ आणि बाळकृष्ण या ओळखीच्या कथा आधी हाताळून झाल्या आणि मग महाभारतातल्या भीमाचे नाव, भूक आणि बळ घेऊन एक नऊ वर्षांचा, उघड्या अंगाचा, केशरी धोतरातला मुलगा जन्माला आला. तोवर आपल्या मुलांच्या दुपारी अमेरिकेतल्या मांजर-उंदरांनी आणि जपानी निळ्या मांजराने भरलेल्या होत्या. त्या दुपारींत आता एक धोतर नेसलेला पोर शिरला, आणि त्याच्या हातात लाडू होता.

हैदराबादेत मराठी घरे पूर्वापार आहेत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबादशी जोडलेला होता, त्यामुळे शिक्षणासाठी, वकिलीसाठी, सरकारी नोकरीसाठी इकडे आलेली घराणी सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत रुजली. १९०७ पासूनची विवेकवर्धिनी शाळा त्या रुजण्याची साक्ष आहे. अशा एखाद्या घरात वाढणाऱ्या मुलाने तो पिवळा गोल पाहिला, तर त्याच्या मनात कोणकोणते लाडू जागे होत असतील याची आपण कल्पना करू या. दिवाळीतला आईच्या हातचा बेसनाचा. आजीचा पाकातल्या रव्याचा, जो कधी मऊ होतो तर कधी दगड. थंडीतला डिंकाचा, खारकेची पूड घातलेला. भिंतीपलीकडच्या तेलुगू घरातून झाकल्या वाटीत येणारे सुन्नुंडलू: उडदाची डाळ खरपूस भाजून, दळून, गूळ किंवा साखर आणि सढळ हाताने तूप घालून वळलेले, वाढत्या अंगाच्या पोरांना ताकद यावी म्हणून मुद्दाम दिले जाणारे. आणि कुणी तिरुपतीहून परतले की प्रसादाचा तो भलामोठा लाडू, ज्याचे तुकडे करून गल्लीभर वाटायचे आणि ज्यातला काजू आपल्या वाटणीला यावा म्हणून देवाचीच प्रार्थना करायची. हे सगळे लाडू त्या एका पिवळ्या गोलात मावतात. चित्रकाराने दाणेदार, तुपाने ओथंबलेला, अमुकच एका हलवायाचा लाडू काढला असता, तर तो फार सुंदर दिसला असता कदाचित, पण मग तो त्या हलवायाचा राहिला असता. त्याने गोल काढला आणि आत जागा मोकळी ठेवली.

ही मोकळी जागा काटकसरीतून आलेली आहे, आणि म्हणून मला ती अधिकच लोभसवाणी वाटते. चित्रपटाच्या हिशेबाने सेकंदाला २४ चित्रे धरली, तर ११ मिनिटांच्या गोष्टीला १५,८४० चित्रे लागतात. लाडवावर एक दाणा जास्त काढायचा म्हणजे तो लाडू जितक्या चित्रांत दिसेल तितक्या वेळा त्या दाण्याची काळजी वाहायची. म्हणून टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेशनने आरंभापासून एक व्रत पाळले आहे: कमीत कमी रेषांत जास्तीत जास्त जीव. अमेरिकेत १९५७ साली हॅना आणि बार्बेरा या जोडीने टीव्हीसाठी स्टुडिओ काढला, तेव्हा त्यांनी याची केवढी सुंदर युक्ती केली ते पाहा. योगी अस्वलाच्या अंगावर सदरा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे. का? धड स्थिर ठेवायचे, बोलताना फक्त डोके हलवायचे, आणि दोन चित्रांचा सांधा कॉलरखाली झाकायचा! कारखान्याच्या गरजेतून आलेली ती कॉलर मुलांना कधीच सांधा वाटली नाही. त्यांना दिसले ते एक ऐटबाज, थोडे लबाड, स्वतःला सभ्य गृहस्थ समजणारे अस्वल. जिथे हात आखडला होता, तिथे पाहणाऱ्याने स्वभाव भरला.

आता त्या क्षणाकडे वळू, ज्याची प्रत्येक भागात मुले वाट पाहत. राक्षस माजला आहे, ढोलकपूरचा राजा इंद्रवर्मा हवालदिल आहे, भीम दमून गुडघ्यावर आला आहे. आणि कडेला उभी असलेली त्याची मैत्रीण चुटकी, नाहीतर टकलावर चार केस मिरवणारा चिमुकला राजू, एक लाडू काढून भीमाकडे भिरकावतो. लाडू हवेत आहे. आपण इथे थोडे थांबू. त्या दोन-तीन क्षणांत कथा जवळजवळ स्तब्ध होते; एक पिवळा ठिपका कमानीतून पलीकडे निघालेला असतो आणि घराघरांतली पोरे आपले तोंड नकळत उघडून बसलेली असतात. मग लाडू तोंडात, दंड फुगलेले, आणि पुढे राक्षसाचे काय होणार हे सर्वांना माहीत. मला रस आहे तो त्या कमानीत. भीमाचे बळ भीमाच्या अंगात असते हे खरे, पण संकटात ते बहुधा दुसऱ्याच्या हातून सुटलेल्या लाडवाने जागे होते. नेम चुकला तर? राजूचा हात तोकडा पडला तर? जगातला सर्वांत बलवान मुलगा त्या दोन क्षणांपुरता एका टकल्या पोराच्या नेमावर अवलंबून असतो. पाहणाऱ्या मुलांतले फारच थोडे जण स्वतःला भीम समजत असतील. बहुतेक जण राजू होते. लाडू फेकण्याचे काम आपल्याला जमेल असे ज्याला-त्याला वाटत असे, आणि म्हणून तो विजय सर्वांचा होई.

या लाडवाचे मूळ शोधत गेलो तर आपण आदिपर्वात पोचतो. तिथेही भीम पोरच आहे. दुर्योधन त्याच्या अन्नात विष कालवतो, शुद्ध हरपलेल्या भीमाला वेलींनी बांधून गंगेत लोटतो. भीम बुडत बुडत नागलोकात पोचतो, नागांच्या दंशाने पोटातले विष उतरते, आणि कुंतीच्या माहेरच्या नात्यातला आर्यक नाग त्याला ओळखून पोटाशी धरतो. मग त्याच्यापुढे रसाची कुंडे येतात, ज्यांच्यातल्या एकेका कुंडात हजार हत्तींचे बळ. भीम एका दमात एक कुंड, अशी आठ कुंडे रिचवतो आणि आठ दिवस गाढ झोपतो. विष खाऊन मेलेला नाही, रस पिऊन माजलेला नाही. खाल्ले, प्यायले, झोपले. किती लोभस, किती बाळसेदार बळ आहे हे! ढोलकपूरने त्या रसकुंडाचा लाडू केला आणि दुर्योधनाचा कालिया. कालिया हेवा करतो, ढोलू-भोलू या साथीदारांना हाताशी धरून बेत रचतो, तोंडावर आपटतो. पण तो विष कालवत नाही. त्याच्या मत्सराची मजल स्पर्धा जिंकण्यापर्यंत आणि लाडू पळवण्यापर्यंत. महाभारतातली भाऊबंदकी गल्लीतल्या भांडणाएवढी लहान करून घेताना लेखकांनी तिच्यातली भीती काढली आणि भूक तेवढी ठेवली, ही मला या मालिकेतली सर्वांत नाजूक कारागिरी वाटते.

इथे पॉपायची आठवण होणे साहजिक आहे. १९२९ साली वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत अवतरलेला तो एकडोळ्या खलाशी पालक खाऊन बलवान होतो. पण पालक ही मोठ्यांची इच्छा आहे. मुलांनी खावे असे आईबापांना वाटते, ते पॉपाय खातो. भीम मात्र मुलांना जे हवे असते तेच खातो. शक्ती हे कडू औषध घेतल्याचे बक्षीस राहत नाही. जे आवडते त्यातच ती असते. आपल्याकडे परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर दही-साखर ठेवतात, बाळंतिणीला डिंकाचा लाडू देतात. गोड हे आपल्या घरांत लाडाचेही आहे आणि बळाचेही. हैदराबादच्या त्या स्टुडिओतल्या कलावंतांना हे कुणी शिकवावे लागले नसणार.

अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी रसाचा विचार करताना सांगितले की नाटकातला रस रंगमंचावरच्या वस्तूत नसतो. प्रेक्षकाच्या अंतःकरणात वासनारूपाने जे आधीच साठलेले असते, ते रंगमंचावरच्या निमित्ताने चेतवले जाते. सहृदयाची ही कल्पना आपण शाकुंतलासाठी राखून ठेवतो. पण आठ वर्षांचे पोर पिवळा गोल पाहते आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटते, तेव्हा तेही सहृदयच असते, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्याइतका निर्मळ रसिक सापडणे कठीण.

न्याहारीची वाटीही अशीच. हैदराबादची सकाळ मुळातच समृद्ध. जुन्या शहरात खिचडी, तिच्यावर तीळ-चिंचेचा खट्टा आणि शेजारी खिमा. उडुपी हॉटेलात इडली-वडा. मराठी घरात उप्पीट, पोहे, आणि मूळ मराठवाड्याचे घर असेल तर भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, शेंगदाण्याचे कूट घातलेला सुशीला. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी ‘जंगल बुक’ लागू लागले, जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने केलेले आणि हिंदीत बोलणारे, तेव्हा या बशा स्वयंपाकघरातून उचलून टीव्हीसमोर आल्या. (त्याच मोगलीला २०१० मध्ये संगणकावर नव्याने घडवण्यात हैदराबादच्याच ‘डीक्यू एंटरटेनमेंट’चा मोठा हात होता, शिवनीच्या जंगलातला पोर जपानमार्गे मुशी नदीकाठी येऊन पोचला, याचा मला फार आनंद होतो.) आणि १९९४ साली केलॉग कंपनी भारतात आली, तेव्हा या सगळ्या खमंग पसाऱ्यात कॉर्नफ्लेक्सचा खोका दाखल झाला.

कार्टून आणि कॉर्नफ्लेक्स यांची जोडी जुनी आहे. योगी अस्वल ज्या ‘हकलबेरी हाउंड’च्या कार्यक्रमातून १९५८ साली पहिल्यांदा लोकांपुढे आले, त्या कार्यक्रमाचा प्रायोजक केलॉगच होता. अमेरिकेतल्या मुलांना म्हणून वाटी आणि पडदा एकाच वेळी मिळाले. आपल्याकडे मात्र एक गोष्ट वेगळी झाली. कंपनीच्या मनात थंड दूध होते. आपल्या घरांत सकाळचे दूध गरम असते. तापवलेले, वर साय धरलेले, साखर घातलेले दूध त्या कुरकुरीत पाकळ्यांवर पडले की त्या बघता बघता माना टाकत. धंद्याच्या पुस्तकांत हा प्रसंग फसलेल्या अंदाजाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला तो वेगळा दिसतो. वाटीकडे जवळून पाहा: वरचा थर अजून ताठ आहे, त्याच्या कडा सोनेरी आहेत, मधला थर दूध पिऊन जड झाला आहे, तळाशी साखर विरघळायची राहिली आहे. चमचा कुठून घालायचा? आधी कुरकुरीत संपवायचे की मऊ? मुलांसाठी ती काळाशी लावलेली शर्यत होती, आणि शर्यत हरली तरी शेवटी वाटी तोंडाला लावून प्यायचे किंचित पिवळसर, मक्याच्या वासाचे, भरपूर गोड दूध हाती लागतच असे. पाकळीला स्वतःची चव फार थोडी. जवळजवळ काहीच नाही. पण त्या फिकेपणावर दुधाची ऊब, सायीचा लपका, खोक्याच्या पाठीमागचे वाचलेले चित्र, समोरच्या पडद्यावरची धावपळ, शाळेला सुट्टी असल्याचे सुख, हे सारे चढत गेले. उप्पिटाला असा अवकाश नव्हता. उप्पीट स्वतःच पूर्ण होते, त्यात मोहरी होती, कढीलिंब होता, आईचा हात होता. आणि आजीने त्याच पाकळ्यांना फोडणी देऊन, हळद-मीठ-पिठीसाखर लावून, तळलेले शेंगदाणे नि खोबऱ्याचे काप घालून चिवडा केला, तेव्हा परक्या वस्तूत आपले भरण्याची ही कला आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे हे कळते.

आणि गेम! नव्वदीच्या दशकातल्या मुलाला घेऊन वडील कोठीच्या गुजराती गल्लीत शिरत, विजेच्या वस्तूंच्या त्या अरुंद, गजबजलेल्या बाजारात, आणि निन्तेन्दोच्या जपानी यंत्राची नक्कल असलेला, ‘मीडिया’ किंवा ‘लिटल मास्टर’ अशा कुठल्यातरी नावाचा डबा घेऊन परतत. खेळाच्या चौकोनी डब्याला आपण सगळे कॅसेटच म्हणत होतो. ती लागली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकायचे, पुन्हा दाबून बसवायची. पडद्यावर येई तो मारिओ. १९८५ सालचा हा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवरून पाठवलेला एखादा फोटो त्याच्या कितीतरी पट असतो. एवढ्याशा जागेत निर्मात्यांनी आभाळ, जमीन, पाताळ, पाणी आणि किल्ले बसवले, आणि ते कसे बसवले याचा एक नमुना आपण पाहूच. मारिओच्या जगात वर ढग असतात, खाली झुडपे. नीट पाहिले तर ढगाचा आणि झुडपाचा आकार एकच आहे! तेच चित्र पांढरे रंगवले की ढग, हिरवे रंगवले की झुडूप. वर्षानुवर्षे खेळून हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण वर पाहताना आपण ढगाची अपेक्षा घेऊन पाहतो आणि खाली पाहताना झुडपाची. मारिओची मिशीही अशीच. इतक्या मोजक्या चौकटींत ओठ आणि हनुवटी काढता येत नव्हती, म्हणून शिगेरू मियामोतोंनी नाकाखाली मिशी दिली आणि केसांची अडचण टाळायला डोक्यावर टोपी. योगीची कॉलर आणि मारिओची मिशी या सख्ख्या बहिणी आहेत.

‘कॉन्ट्रा’ या गेमचे सुख याहून दाट, कारण ते दोघांचे होते. त्यातला तिसरा टप्पा धबधब्याचा. दोन्ही शिपाई खडकांवर उड्या मारत वर चढतात आणि पडदा त्यांच्याबरोबर वर सरकतो. पण पडदा सरकतो तो पुढे असलेल्याबरोबर. एकाने घाई केली की मागे राहिलेल्याच्या पायाखालचा खडक पडद्याबाहेर जातो आणि तो मरतो, शत्रूच्या गोळीने नव्हे तर मित्राच्या उतावळेपणाने. या एका टप्प्यावर किती घरांत भावाभावांची भांडणे झाली असतील! ‘थांब ना, हळू जा ना’ ही विनवणी, आणि मग कधीतरी एक दिवस असा यायचा की दोघे एकमेकांकडे न पाहता एकाच तालात उडी मारत वरपर्यंत पोचायचे. धबधबा म्हणजे निळ्या-पांढऱ्या चौकटींचे काही पट्टे. पाण्याचा तुषार नाही, गारवा नाही. भोवतीचे सगळे, घसरण्याची भीती आणि बरोबर असण्याचे सुख, खेळणाऱ्या दोघांनी आणलेले. आणि खेळ सुरू होण्याआधी बोटांनी म्हणायचा तो मंत्र: वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए, की तीस लाइफ हाती! काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रामरने हा क्रम मुळात ‘ग्रॅडियस’ या दुसऱ्या गेमसाठी घातला होता, कारण तपासणीसाठी खेळताना तो गेम त्यालाच फार अवघड जात होता. एका दमलेल्या कारागिराची सोय हैदराबादच्या गल्लीत एका पोराकडून दुसऱ्याकडे कानोकानी पोचली. पुष्कळ जण शाळेतले पाठांतर विसरले, हा क्रम अंगठ्यांच्या स्मरणात राहिला.

२०२४ साली छोट्या भीमाचा, खरी माणसे घेऊन केलेला चित्रपट आला. चिलका यांनीच तो दिग्दर्शित केला आणि अनुपम खेर त्यात गुरू शंभू झाले. अशा चित्रपटाचा आनंद वेगळ्या जातीचा असतो, आणि लहानपणीच्या मित्राला हाडामांसाचा झालेला पाहायला लोक प्रेमाने गेले असणार. माझे मन मात्र रेखाटलेल्या ढोलकपुरातच रमते. त्याहून अधिक रमते ते २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘मायटी लिटल भीम’मध्ये. इथे भीम अजून रांगता आहे. राक्षस नाहीत, घर आहे, अंगण आहे, बाजार आहे, आई आहे, आणि उंचावर ठेवलेला खाऊ आहे. बळ आहे, पण त्या बाळाला ते ठाऊक नाही. तो लाडवामागे निघतो आणि वाटेत जे आडवे येईल ते सहज, निरागसपणे बाजूला होते. बळ त्याच्यासाठी भुकेच्या वाटेवरचा योगायोग आहे. आणि निर्मात्यांनी या वेळी एक फार मोठी गोष्ट काढून घेतली: शब्द. पात्रे हसतात, हुंकारतात, दचकतात, बोलत नाहीत. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने सांगितले की भारताबाहेरच्या २ कोटी ७० लाख घरांनी ही मालिका पाहिली. हैदराबादचे हे बाळ इतक्या घरांत रांगत गेले, ते भाषेची जागाही मोकळी सोडली म्हणून.

ती जागा कशी भरते ते मी काचीगुड्याला एका मैत्रिणीच्या घरी पाहिले. तिचा तीन वर्षांचा मुलगा आजीच्या मांडीवर बसून हे पाहतो, आणि बोलते ती आजी. बाळ डब्याकडे निघाले की ‘अगं बाई, निघाली स्वारी!’, मडके कलंडले की ‘झालं कल्याण!’ संध्याकाळी बाप कामावरून आला की तोच भाग दखनीत होतो, ‘हौ’ आणि ‘नक्को’ने भरलेला. समोरच्या घरातली मोठी मुलगी आली की तेच बाळ तेलुगूत रांगते. मुलाला तिन्ही चालतात, पण आजीच्या आवृत्तीत बदल चालत नाही. परवा मी तिथे असताना भीमाने लाडू पळवला आणि आजी नुसतीच हसली. मुलाने तिच्याकडे वळून सांगितले, ‘काल तू त्याला लबाड म्हणालीस.’ आजी म्हणाली, ‘म्हणाले का रे? बरं. अरे लबाडा!’ मग त्याने भाग मागे घ्यायला लावला, आजीने तो लाडू पुन्हा पळवला जाईपर्यंत वाट पाहिली, आणि या वेळी बरोबर जागेवर, खणखणीत आवाजात लबाडाला लबाड म्हटले.